नवी शेळी, २१ दिवस वेगळी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



गटाच्या बैठकीत शेळ्या घ्यायचं ठरलं की बोलणं कसं रंगतं, ते तुम्हाला माहीत आहे. उस्मानाबादी घ्यायची की संगमनेरी? काळी बरी की करडी? जुळी करडं देणारी कुठे मिळेल? दूध किती निघेल? बाजार आटपाडीचा करायचा की लोणंदचा? हे सगळे प्रश्न चांगलेच आहेत. पण एक प्रश्न बैठकीत क्वचित निघतो, तो म्हणजे ही शेळी आपल्या घरी येताना सोबत काय घेऊन येणार आहे?

शेळी एकटी येत नाही. तिच्या पोटात जंत येऊ शकतात, केसांत उवा आणि गोचीड येऊ शकतात, रक्तात रोगाचे जंतू येऊ शकतात. यातलं काही डोळ्यांना दिसतं, काही हाताला लागतं, काही फक्त रक्त तपासल्यावर कळतं. आणि काही असं असतं, की दोन आठवडे थांबल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून आज आपण शेळी घेण्याआधी काय बघायचं आणि घेतल्यावर काय करायचं, हे दोन्ही बोलू. सगळं विसरलं तरी चालेल, पण आजच्या भाषणाचं नाव तेवढं लक्षात ठेवा. नवी शेळी, २१ दिवस वेगळी.

आधी हिशेब

धरून चालू, की गटात १० जणी आहेत आणि प्रत्येकीने १०,००० रुपयांच्या दोन शेळ्या घेतल्या. म्हणजे गटाचे २ लाख रुपये शेळ्यांत आहेत. गावातल्या शेळ्या एकाच माळावर चरतात, एकाच हौदावर पाणी पितात. आता त्यातल्या एका ताईंना बाजारात दीड हजारांनी स्वस्त शेळी मिळाली आणि तिच्यासोबत आजार आला, तर तो त्या ताईंच्या दावणीपुरता राहत नाही. दीड हजार एकीचे वाचतात, दोन लाख सगळ्यांचे पणाला लागतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. शेळी मेली म्हणून बँक व्याज थांबवत नाही.

म्हणून शेळी तपासणं हे ज्या ताई शेळी घेतात त्यांचं एकटीचं काम नाही. ते गटाचं काम आहे. आणखी एक सांगते. कर्ज ताईंच्या नावावर, शेळी ताईंच्या नावावर, पण बाजारात जातो घरातला पुरुष नाहीतर दलाल. शेळीला रोज चारा घालते ती बाई, करडू मेलं तर रात्रभर जागते ती बाई. मग निवडायला पण तिनेच जायला हवं. एकटीला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. जाताना सोबत एक डिजिटल थर्मामीटर, थोडं खोबरेल तेल, साबण, पाण्याची बाटली आणि एक काळं फडकं घ्या. कशाला, ते पुढे सांगते.

शेळी बघण्याआधी वाडा बघा

शक्य असेल तोवर शेळी बाजारातून घेऊ नका, पाळणाऱ्याच्या घरून घ्या. बाजारात दहा गावांच्या शेळ्या एका दोरीला बांधलेल्या असतात. सकाळी तिथे निरोगी आलेली शेळी संध्याकाळी आजार घेऊन परत जाऊ शकते. शिवाय बाजारात फक्त शेळी दिसते. घरी गेलं की तिच्या आया-बहिणी दिसतात, करडं दिसतात, जमीन दिसते, पाण्याची जागा दिसते.

वाड्यात शिरल्यावर लगेच शेळीच्या अंगाला हात लावू नका. आधी खाली बघा. लेंड्या सुट्या, गोल, कोरड्या आहेत का? की जागोजागी पातळ हगवण पडलीय? एखाद्या शेळीची शेपटी धुऊन काढता येते, सगळा वाडा धुऊन काढता येत नाही. कुणी खोकतंय का, ऐका. करडं उड्या मारतायत, की कोपऱ्यात अंग चोरून उभी आहेत? ज्या घरची करडं उड्या मारतात, त्या घरच्या शेळ्या बघायला हरकत नाही.

मग विचारा. चहा घेत घेत विचारलं तरी चालेल, पण पाचही प्रश्न विचारा.

पहिला, गेल्या वर्षभरात कुठली शेळी गाभडली का, म्हणजे दिवस भरायच्या आत करडू टाकलं का? दुसरा, गेल्या महिन्याभरात इथे किंवा शेजारी शेळी-मेंढी मेली का? तिसरा, पीपीआरची लस कधी दिली, कुणी दिली? चौथा, गेल्या महिन्यात या वाड्यात बाहेरून शेळी आली का? पाचवा, ही शेळी का विकताय?

लग्न आहे, शाळेची फी आहे, चारा संपलाय, ही विकायची खरी कारणं असतात आणि त्यात काही वावगं नाही. पण उत्तर देताना माणूस अडखळला, किंवा एकाच घरात तीन जणांनी तीन उत्तरं दिली, तर घाई करू नका. शेळीच्या कानात बिल्ला असेल तर त्यावरचा १२ आकडी क्रमांक लिहून घ्या. दवाखान्यात त्या क्रमांकावरून लसीची नोंद आहे का, ते विचारता येतं.

दुरून बघा, मग जवळून

आता शेळीकडे वळू. आधी दहा पावलांवर उभ्या राहा आणि नुसतं बघा. निरोगी शेळी कान टवकारते, आपल्याकडे बघते, कळपात मिसळून राहते, बसली असेल तर रवंथ करते. मान टाकून एकीकडे उभी असलेली, चारा समोर असून न खाणारी, अंगावरचे केस उभे आणि रखरखीत झालेली शेळी आजारी समजावी. तिला चालवायला सांगा. लंगडते का? लंगडत असेल तर दोन नख्यांच्या मधे बघा. तिथे जखम, फोड किंवा सडका वास असेल तर ती शेळी नको.

सावलीत शांत उभी असताना तिच्या कुशीकडे बघा. कूस वर-खाली होते तो एक श्वास. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. साधारण १५ ते ३० श्वास ठीक. उन्हातून चालत आली असेल तर ती धापा टाकणारच, म्हणून अर्धा तास सावलीत थांबवून परत मोजा. तरीही धाप असेल, खोकला असेल, तर फुफ्फुसाचा आजार असू शकतो.

आता जवळ जा आणि तोंडापासून शेपटीपर्यंत क्रमाने तपासा. क्रम ठरलेला असला की काही राहून जात नाही.

नाक आणि डोळे. नाक ओलसर असावं, पण वाहतं नसावं. घट्ट पिवळा शेंबूड, डोळ्यांना चिपड, हे दोन्ही एकत्र दिसलं तर पीपीआरचा संशय घ्या आणि त्या वाड्यातली कुठलीच शेळी घेऊ नका.

डोळ्याची पापणी. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कामाची तपासणी आहे. अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबा आणि खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर रक्त चांगलं आहे. फिकट गुलाबी असेल तर शंका. कागदासारखी पांढरी असेल तर रक्त आटलंय. पोटातला एक जंत आतड्याच्या आधीच्या कप्प्यात चिकटून रक्त पितो, त्याने बहुतेक वेळा असं होतं. अशा शेळीच्या जबड्याखाली कधी कधी पाणी उतरून मऊ पिशवी लोंबते. मोठं पोट बघून काही जणी म्हणतात, भरलेली आहे. पण बरगड्या हाताला लागतात आणि पोट तेवढं मोठं, असं असेल तर ते खाणं नाही, जंत आहेत.

तोंड. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. फोड, लाल चट्टे, कोंडा लावल्यासारखे पांढरे थर आणि घाण वास, ही पीपीआरची खूण. हिरड्यांवर फोड आणि सोबत खुरात फोड, ही लाळ्या-खुरकूतची खूण. ओठांच्या कडेला बाहेरून जाड खपल्या असतील तर तो मावा. मावा माणसाच्या हातालाही होतो, म्हणून खपल्यांना उघड्या हाताने खरवडू नका. दातांवरून वयही कळतं. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दोन मोठे दात आले असतील तर ती वर्ष-दीड वर्षाची, चार असतील तर साधारण दोन वर्षांची. आठही मोठे झाले म्हणजे साडेतीन-चार वर्षं झाली. गटासाठी दोन ते चार दाती, पहिल्या-दुसऱ्या वेताची शेळी बरी. झिजलेल्या, हलणाऱ्या दातांची शेळी चारा खाऊ शकत नाही.

गाठी. जबड्याखाली, कानामागे, खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या पुढे हात फिरवा. लिंबाएवढी घट्ट गाठ लागली तर थांबा. शेळ्यांत पू भरणाऱ्या गाठींचा एक आजार असतो. गाठ फुटली की तो पू चाऱ्याला, खुंट्याला लागतो आणि दुसऱ्या शेळ्यांना आजार होतो. विकणारा म्हणेल, काटा लागलाय. काटा लागला असेलही, पण आपण ती शेळी घ्यायची नाही आणि गाठ दाबून तर अजिबात बघायची नाही.

कातडी. केस उलटे फिरवून उवा, गोचीड, खरूज बघा. केस कमी असतात तिथे, म्हणजे शेपटीखाली, कासेवर, जांघेत, कानांवर कडक पुटकुळ्या आहेत का बघा. त्या देवीच्या असू शकतात.

शेपटी. शेपटीखालचा भाग कोरडा, स्वच्छ हवा. तेवढाच भाग ताजा धुतलेला ओला दिसला, तर मागच्या पायांच्या गुडघ्यांवर वाळलेली हगवण आहे का ते बघा. धुणारा माणूस तिथे विसरतो.

कास. दूध काढल्यावर कास मऊ पडली पाहिजे. एक बाजू गरम, दगडासारखी कडक असेल तर काससुजी झालीय. दोन्ही सडांच्या दोन-दोन धारा काळ्या फडक्यावर काढा. त्यासाठीच फडकं सोबत न्यायचं. गुठळ्या, पू, रक्त किंवा नुसतं पाणी काळ्यावर लगेच दिसतं. बाजाराच्या दिवशी सकाळचं दूध न काढता कास ताठ ठेवतात, म्हणून फुगलेल्या कासेवर भाळू नका. काढून बघा.

बोकड घेत असाल तर दोन्ही अंड सारखे, घट्ट आणि थंडसर असावेत. एक सुजलेला, दुखरा असेल तर तो बोकड गटात आणू नका. एक बोकड गटातल्या सगळ्या शेळ्यांकडे जातो, म्हणून त्याची तपासणी सगळ्यात कडक हवी.

शेवटी ताप. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावा, गुदद्वारात हलकेच दीड-दोन इंच सरकवा आणि आवाज होईपर्यंत धरा. शेळीचं अंग माणसापेक्षा गरमच असतं. १०२ ते १०३.५ फॅरनहाइटपर्यंत ठीक. सावलीत विसावल्यावरही १०४ किंवा वर असेल तर ताप समजा. हे थर्मामीटर जनावरांचंच ठेवा, घरात वापरू नका. प्रत्येक शेळीनंतर ते आणि आपले हात साबणाने धुवा. नाहीतर आजार एका शेळीवरून दुसरीवर आपणच नेऊ.

जे दिसत नाही

एवढं सगळं बघून शेळी पास झाली, तरी ती निरोगी आहे असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं, की आज ती आजारी दिसत नाही. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. तो समजावा म्हणून एक जुनी हकिकत सांगते.

युरोपच्या दक्षिणेला समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. इंग्रज शिपायांना तिथे महिनोन् महिने ताप यायचा, सांधे धरायचे, घाम फुटायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्या तापाचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे पुढची कित्येक वर्षं कळेना. माल्टात तेव्हा शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर दूध काढून द्यायचे. शेळ्या चांगल्या धडधाकट. त्यांच्यावर संशय कोण घेणार? १९०५ साली थेमिस्तोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि उलगडा झाला. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्या आजाराची खूण सापडली. शिपायांना शेळीचं कच्चं दूध देणं पुढच्या वर्षी बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला.

त्या जंतूचं नाव ब्रूस साहेबांवरून ब्रुसेला पडलं. तोच आजार आपल्याकडे शेळ्यांत आहे. त्याला ब्रुसेलोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात म्हणतात. शेळी दिसायला उत्तम असते, फक्त गाभडते. मग वार, पाणी, दूध यांतून जंतू बाहेर पडतात आणि माणसालाही हा आजार होतो. शेळीची वार कोण उचलतं? बाईच उचलते, उघड्या हाताने. म्हणून वाड्यात गाभडण्याबद्दल विचारणं हा आपल्या तब्येतीचाही प्रश्न आहे. याची तपासणी रक्तावरून होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना सांगा, ते रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवतात. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे असे नमुने तपासले जातात. पैदाशीचा बोकड आणि गाभण शेळी घेताना ही तपासणी कराच.

दुसरा लपलेला आजार जोन्स. यात शेळी खाते-पिते पण महिन्यांमागून महिने वाळत जाते, आणि त्यावर औषध नाही. लागण करडू असताना होते, लक्षणं मोठेपणी दिसतात. म्हणून वाड्यात एखादी मोठी शेळी कारण नसताना हाडाची काडं झालेली दिसली, तर तिच्या तरण्याताठ्या लेकीही घेऊ नका.

तिसरा पीपीआर. हा आपल्याकडे सगळ्यात धास्तीचा. भारतात तो पहिल्यांदा १९८७ साली तमिळनाडूत नोंदवला गेला. याला शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडीही म्हणतात. गाई-म्हशींची बुळकांडी लसीच्या जोरावर २०११ साली जगातून नाहीशी झाली, आणि शेळ्यांची बुळकांडी २०३० पर्यंत संपवायचं जगभरच्या देशांनी ठरवलंय. तोवर आपल्यालाच जपायला हवं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार ते सहा दिवस, कधी दहा दिवसही लागतात. म्हणजे बुधवारी लागण झालेली शेळी शुक्रवारच्या बाजारात टवटवीत दिसते. पापणी लालसर गुलाबी, ताप नाही, सगळं उत्तम. पुढच्या आठवड्यात तुमच्या दावणीला ती ताप काढते, आणि तोंड यायच्या आधीच बाकीच्या शेळ्यांना देऊन मोकळी होते. अशा शेळीला जगातला कुठलाही जाणकार बाजारात ओळखू शकत नाही. तिला ओळखायला एकच उपाय आहे, थांबणं.

२१ दिवस कसे काढायचे

नवी शेळी घरी आली की तिला आपल्या शेळ्यांपासून दूर बांधा. नाकाला नाक लागणार नाही, एकीचा चारा-पाणी दुसरीला जाणार नाही, खोकला पोचणार नाही एवढं अंतर हवं. ताडपत्रीची सावली, वेगळी बादली, वेगळं दावं, वेगळा झाडू, एवढंच सामान लागतं. रोजचं काम करताना आधी आपल्या जुन्या शेळ्यांचं करा, नव्या शेळीचं शेवटी, आणि मग हात-पाय धुवा. उलटा क्रम नको.

पहिले दोन दिवस तिला विश्रांती, स्वच्छ पाणी आणि सवयीचा सुका चारा द्या. नवी पाहुणी म्हणून भरडा, पेंड, शिळं अन्न एकदम घालू नका. त्याने पोट फुगतं, आंत्रविषारासारखा आजार होऊन शेळी रात्रीत जाते. विकणाऱ्याकडून दोन दिवसांचा त्याचाच चारा मागून आणला तर फारच उत्तम.

तिसऱ्या दिवशी ताज्या लेंड्या छोट्या डबीत घालून दवाखान्यात द्या. लेंडी तपासून डॉक्टर सांगतील ते जंताचं औषध वजनाप्रमाणे पाजा. शेळी गाभण असेल तर ते आधी सांगा, कारण काही औषधं गाभण शेळीला चालत नाहीत. औषध पाजल्यावर पडलेल्या लेंड्या गोळा करून खड्ड्यात टाका, माळावर नको.

पहिले १० दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा आणि वहीत लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम दिलंत तर ती आवडीने करते. चारा खाल्ला का, रवंथ केला का, लेंडी कशी, नाक कसं, एवढ्या चार खुणा रोज.

लसीची नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून पीपीआरची लस द्या. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की ही लस देता येते, आणि एकदा दिलेली साधारण तीन वर्षं पुरते. पण लस टोचली म्हणजे त्याच दिवशी कवच तयार झालं असं नाही. त्याला दोन-तीन आठवडे जातात. हेसुद्धा २१ दिवस थांबण्याचं एक कारण. आणि आपल्या जुन्या शेळ्यांची लस नवी शेळी आणायच्या महिनाभर आधीच झालेली असावी.

या दिवसांत ताप आला, नाक वाहिलं, हगवण लागली तर १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा दवाखाना गाठा. पीपीआरचा संशय असेल तर दवाखान्याला कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. शेळी दगावली तर ओढ्यात टाकू नका, खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. आणि आजारी शेळी पुढच्या बाजारात नेऊन विकू नका. आपलं नुकसान वाचवायला आपण ते दुसऱ्या गावातल्या आपल्यासारख्याच बाईच्या दावणीला बांधत असतो.

तुमचे प्रश्न

गावोगावच्या बैठकांत जे प्रश्न येतात, त्यातले तीन घेते.

"जागाच नाही, एका पत्र्याखाली आम्ही आणि शेळ्या. वेगळं कुठे बांधू?" खरं आहे. म्हणून हे गटाने करावं. गटात एखादी ताई असते, जिच्याकडे सध्या शेळ्या नाहीत पण अंगण आहे. सगळ्यांच्या नव्या शेळ्या २१ दिवस तिच्या अंगणात ठेवा आणि प्रत्येक शेळीमागे तिला ठरवून मोबदला द्या. मात्र सगळ्या नव्या शेळ्या एकाच वेळी आणा. अर्ध्या आज आणि अर्ध्या दहा दिवसांनी आणल्या, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

"व्यापारी म्हणतो, एवढं तपासायचं असेल तर दुसरीकडे जा." मग दुसरीकडे जा. ज्याची शेळी चांगली आहे, तो पापणी बघू देतो, धार काढू देतो, ताप बघू देतो. जो दाव्याला हात लावू देत नाही, त्याने उत्तर दिलेलंच असतं.

"शेळीला तर काही झालं नाही, मग दूध उकळायलाच हवं का?" हवंच. माल्टाच्या शेळ्यांनाही काही झालेलं दिसत नव्हतं. दूध नेहमी उकळून प्या. शेळी गाभडली तर वार आणि मेलेलं करडू उघड्या हाताने उचलू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, ते पुरून टाका, हात साबणाने धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या कामापासून लांब ठेवा. आणि कुणाला बरेच दिवस ताप, घाम, सांधेदुखी असेल, तर दवाखान्यात डॉक्टरांना आपल्याकडे शेळ्या आहेत हे आवर्जून सांगा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या ठराववहीत चार ओळी लिहा. शेळी घ्यायला दोघी मिळून जाऊ. पाच प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देणार नाही. पैदाशीच्या बोकडाचं रक्त तपासल्याशिवाय तो कळपात सोडणार नाही. आणि कुणाचीही नवी शेळी २१ दिवसांच्या आत माळावर जाणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. मग एखाद्या ताईंना कधी दीड हजारांचा मोह झाला, तर त्यांना अडवायला कुणी वाईट होणार नाही. वहीच बोलेल.